अण्णांचा भाता

छोटीला कधी खोकला येत नसे, आणि थोरलीच्या मते हासुद्धा छोटीचा आगाऊपणाच होता. काचेच्या भट्टीवर काम करायचं आणि खोकायचं नाही, म्हणजे काय? इथे जो तो खोकतो. भट्टी पेटवणारा खोकतो, फुटकी काच निवडणारी बाई खोकते, अण्णांनी तर उभा जन्म खोकण्यात घालवला. भट्टीचा खोकला म्हणतात त्याला. त्याला कुणी आजार समजत नाही की त्यावर औषध घेत नाही. नवा माणूस कामाला लागला आणि खोकायला लागला की बाकीचे खूश होतात, म्हणतात, चला, आता हा आपला झाला.

गेल्या थंडीपासून थोरलीला कोरडा खोकला लागला, तेव्हाही कुणी मान वर करून बघितलं नाही. त्यात नवल नाही म्हणा. पण छोटीला एक शिंक येऊ द्या! दाराशी खुर्ची टाकून बसलेले अण्णा लगेच हाक मारायचे, "अरे, कुणी पाणी द्या तिला. धूर फार झालाय आज." धूर! इतकी वर्षं थोरली त्याच धुरात उभी होती, तेव्हा अण्णांना धूर कधी दिसला नव्हता.

कारखाना म्हणजे काही मोठा कारखाना नव्हे. गल्लीच्या टोकाला पत्र्याची एक उंच शेड, मधोमध भट्टी, एका बाजूला लोखंडी पाट, पाण्याची टाकी, आणि मागे एक कोमट पेटी, तयार काच तिच्यात ठेवून हळूहळू निवू द्यायची. जिना चढून वर गेलं की बाप आणि दोन लेकी, एवढ्या तिघांचं घर. धंदा दिव्यांचे काचेचे गोळे बनवायचा. लांब लोखंडी नळीच्या टोकाला भट्टीतला रस गुंडाळून घ्यायचा, पाटावर घोळायचा, आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकायचं. फुंकायचं, फिरवायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा फुंकायचं. अण्णांच्या उमेदीच्या काळात लोक त्यांचं काम बघायला यायचे. मग अण्णांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, हात लुळा पडला, आणि काम थोरलीच्या अंगावर आलं.

थोरलीच का, तर तिचा दम. पोरवयातच ती एका दमात असा गोळा फुगवायची की अण्णा रस्त्यावरच्या माणसांना आत बोलवायचे. "या, या, हा बघा माझा भाता!" लोहाराचा भाता जसा दमत नाही, तशी ही दमत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते नाव तिला चिकटलं. मुलीच्या जातीला हे काय नाव, म्हणून आई होती तोवर कुरकुरायची, पण थोरलीला ते अंगावरच्या दागिन्याहून प्यारं होतं. स्थळं आली आणि गेली. भट्टी सोडून जाणार कोण?

छोटीला अण्णा चिमणी म्हणत. ही चिमणी वेळेवर लग्न करून भुर्रकन उडून गेली, परगावच्या एका मोठ्या काचकारखान्यात नवऱ्यासोबत कामाला लागली, आणि नवऱ्याशी पटेना म्हणून दोन वर्षांपूर्वी परत आली. येताना काय काय शिकून आली होती! काचेत रंगाची रेघ ओढायची, गोळ्याचं तोंड दुमडायचं, हे न् ते. अण्णांच्या कौतुकाला नुसतं भरतं आलं होतं. "बघितलंस का, थोरले? शीक जरा." शीक जरा! आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आली ही, आणि जिने एकटीने सगळं सांभाळलं तिने आता हिच्याकडून शिकायचं! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि त्या बयेचे हात! तेच काम, तीच आग, टाकीतलं तेच पाणी. तरी छोटीचे हात कसे, तर मऊ, साफ, कुठे एखादा भाजल्याचा डाग असला तर असला. थोरलीच्या बोटांच्या कडा मात्र गेल्या वर्षात फुटून काळपट, खरखरीत झाल्या होत्या. भेगांत काजळी शिरली की कितीही घासा, निघायची नाही. सकाळी उठलं की बोटं आखडलेली असायची. चहाचा कप धरायलाही वेळ लागायचा. टाकीत हात बुडवले की दोन बोटं पांढरीफटक पडायची, जणू रक्तच नाही त्यांत. थोरली ते कुणाला सांगत नसे. थंडी आहे, वय झालं, काम आहे, असं म्हणून ती हात फडक्यात गुंडाळायची. "राबणाऱ्याचे हात असेच असतात," एवढं मात्र ती छोटीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

छोटी ऐकायची आणि गुणगुणत जिना चढून वर जायची. गुणगुणत! जिना चढताना! इकडे थोरलीला हल्ली अर्ध्या जिन्यात थांबावं लागे. कुणी बघत असेल तर ती चपलेचा पट्टा नीट करण्याचं सोंग करायची. पट्टा चांगला होता. वर पोचल्यावर छोटीचं गाणं अजून चालूच असायचं, आणि थोरलीला वाटायचं, एवढा दम जास्तीचा पडलाय हिला, की गाण्यावर उधळतेय.

अशात थोरलीचे गोळे बिघडायला लागले. मोठा गोळा पुरा फुगेचना. काच जाड राहायची, एका अंगाला कलायची. आता ह्या धंद्यात फुंकर पुढे जात नसली की माणूस एकच गोष्ट म्हणतो: नळी चोंदली. नळीला आतून लोखंडाचे पोपडे धरतात, वाट अरुंद होते. मग आतून सळई घालून ती साफ करायची. थोरलीने सळई घातली. एकदा सोडून दहादा घातली. पोपडा काही निघाला नाही. पण छातीत काही चोंदलं असेल, असा विचार भट्टीवरच्या कुणाच्याही डोक्यात आला नसता, तसा तिच्याही आला नाही. ती नळीलाच शिव्या घालत राहिली.

आणि मग एका सकाळी तिने बघितलं. छोटी एकटीच होती. थोरलीची नळी तिने हातात घेतली होती आणि उजेडाकडे धरून आरपार बघत होती. थोरलीची चाहूल लागताच तिने नळी चटकन जागेवर ठेवली. चेहरा असा की चोरी पकडली गेलीय.

बास. थोरलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही करते तर! काहीतरी घालते आत, किंवा आतून ठोकून ठेवलंय काहीतरी. दुसऱ्याच्या नळीला हात लावायचा नाही, हा ह्या शेडमधला पहिला नियम. नळीला तोंड लागतं, ती उष्टी असते. नवरा-बायकोसुद्धा एकमेकांची नळी वापरत नाहीत. आणि ही बया सरळ हातात घेऊन उभी! "काय गं, काय हवंय?" थोरलीने विचारलं. "काही नाही, ताई. सहज." सहज म्हणे.

त्याच आठवड्यात नाट्यगृहाचं काम आलं. नव्या नाट्यगृहाच्या दर्शनी दालनात टांगायला मोठाले गोळे हवे होते, माणसाच्या कवेत मावणार नाहीत एवढे. अण्णांच्या काळानंतर असं काम शेडमध्ये आलं नव्हतं. एवढा गोळा एकट्याने होत नाही. एकजण फुंकतो, दुसरा बसून नळी फिरवतो आणि ओल्या फडक्याने आकार देतो. अण्णांच्या शेडमध्ये फुंकणारा तो धनी, फिरवणारा गडी. रीतच होती तशी.

अण्णा म्हणाले, "छोटी फुंकेल. थोरली फिरवेल."

थोरलीला वाटलं, कुणी भर रस्त्यात थोबाडीत मारली. "का?" ती म्हणाली. "मी मेलेय का?"

"तसं नव्हे गं. तुझे गोळे हल्ली..."

"माझ्या गोळ्यांचं मला माहीत आहे! ह्या शेडचा भाता कोण आहे, अण्णा? तुम्हीच सांगा." एवढं बोलून तिला खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी नजर खाली वळवली. शेवटी म्हणाले, "बरं बाई. नाट्यगृहाचे व्यवस्थापक परवा येतायत. त्यांच्यासमोर दोघी एकेक गोळा करा. जिचा चांगला होईल ती फुंकेल." छोटी नखं बघत उभी राहिली, ती तसलीच साफ नखं.

आता थोरलीने काय केलं ते ऐका. नळ्या दोघींच्या सारख्याच, एकाच लोहाराने केलेल्या. ओळखायला म्हणून मुठीपाशी थोरलीच्या नळीला निळी दोरी गुंडाळलेली, छोटीच्या नळीला लाल. आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे पांगले, तेव्हा थोरलीने दोन्ही दोऱ्या सोडल्या आणि ह्याची त्याला, त्याची ह्याला गुंडाळून टाकली. आखडलेल्या बोटांनी गाठी मारता मारता तिच्या नाकी नऊ आले. पण मनात उकळ्या फुटत होत्या. घे म्हणावं, तूच चोंदलेली नळी. फुंक आता.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक आले. गृहस्थ रुमालाने मान पुसत खुर्चीत बसले. शेजारी अण्णा. थोरली आधी उभी राहिली. छोटी फिरवायला बसली. निळ्या दोरीची, म्हणजे खरं तर छोटीची, नळी थोरलीने भट्टीत घातली, रस गुंडाळला, पाटावर घोळला. हात सगळं विसरले नव्हते. तिने तोंड लावलं आणि फुंकलं. काचेत बुडबुडा धरला, वाढला, नारळाएवढा झाला. "वा," व्यवस्थापक म्हणाले. थोरलीने मनात म्हटलं, वा काय, अजून बघा तर.

पुढची फुंकर मात्र छातीतून वर आलीच नाही. तिने आतून जोर लावला. छाती फुगायला तयार नव्हती. कुणीतरी बरगड्यांना करकचून पट्टा आवळलाय असं वाटत होतं. काच निवायला लागली. "ताई, थांब, पुन्हा तापवू," छोटी हळूच म्हणाली. "गप्प बस, फिरव!" थोरलीने पुन्हा फुंकलं, आणि तेवढ्यात खोकला आला. नळी तोंडात असताना खोकणं म्हणजे जिवाशी खेळ, आतली तापलेली हवा उलटी येते. तिने झटक्यात तोंड काढलं, नळी हातातून निसटली, आणि गोळा फरशीवर पडून फुटला.

 थोरली टाकीच्या कडेवर बसली. ओठ निळसर पडले होते, पण ते तिला कसं दिसणार? तिला एकच दिसत होतं, आता छोटीची पाळी. आता हिचीही फजिती होणार. काहीही होवो, पण हे बघून मगच उठायचं.

छोटी तिच्याकडे बघत होती. "ताई, तुला बरं नाही. राहू दे आज."

"माझं मी बघते. फुंक तू."

भट्टीवाला फिरवायला बसला. छोटीने लाल दोरीची नळी घेतली, रस घेतला, तोंड लावलं. आणि क्षणभर थांबली. नळी तोंडाशी, आणि नजर सरळ थोरलीकडे. मग तिने डोळे मिटले आणि फुंकलं.

गोळा वाढला. नारळाएवढा झाला, कलिंगडाएवढा झाला, भट्टीत जाऊन आला आणि आणखी वाढला. कुठे कलला नाही, कुठे जाड राहिला नाही. व्यवस्थापक उठून उभे राहिले. अण्णा चांगल्या हाताने मांडीवर थापा मारत होते. थोरलीच्या पायाखालची जमीन सरकली. नळी चोंदलेली नव्हती. नळीला कधीच काही झालं नव्हतं. मग काय चोंदलं होतं?

ती कुणाला न सांगता जिन्याकडे निघाली. अर्ध्या जिन्यात थांबली. ह्या खेपेला चपलेचं सोंग करायला वेळ मिळाला नाही. तिथेच मटकन बसली, आणि मग आडवी झाली.

मोठ्या दवाखान्यात छातीचे डॉक्टर होते. तरुण होते, पण रात्रपाळी करून आल्यासारखे दमलेले. त्यांनी पाठीला नळी लावून ऐकलं, फोटो काढायला लावला, फोटोत दोन्ही फुफ्फुसांच्या तळाला जाळं धरल्यासारखं दिसलं. छोटी सोबत होती. दुसरं होतं कोण? डॉक्टरांनी कामाचं विचारलं. काच, भट्टी, धूर, इतकी वर्षं. त्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. "हे कामामुळेच असावं. धुळीचं काम आहे. आता काम सोडावं लागेल."

काम सोडावं लागेल! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "कामामुळे?" ती एकेका शब्दाला दम घेत म्हणाली. "आणि हिला? हीपण तेच काम करते. तीच भट्टी, तोच धूर. हिला का नाही काही? बघा, बघा हिचे हात! राजकन्येचे हात बघा, आणि माझे बघा. सगळं माझ्याच नशिबी!" आणि तिने छोटीचं मनगट धरून तो हात टेबलावर आपटला आणि शेजारी आपला ठेवला.

छोटी शरमेने मेल्यासारखी झाली. "ताई, अगं काय हे."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. ते वाकले. आधी छोटीचा हात बघितला, मग थोरलीचा. मग थोरलीची बोटं एकेक करून उलटसुलट केली, कडांच्या भेगांवरून अंगठा फिरवला. "हे कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. कामामुळे..."

"कामामुळे असतं तर ह्यांचेही झाले असते. सकाळी बोटं आखडतात? गार पाण्यात पांढरी पडतात?"

थोरलीने हात मागे ओढला. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. छोटीने मात्र तोंड उघडलं. "आखडतात. चहाचा कप दोन हातांनी धरते. पांढरीपण पडतात. आणि खुर्चीतून उठताना टेबलाला रेटा देते." थोरलीने तिच्याकडे चमकून बघितलं. ही मेली सगळं बघत होती तर.

मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त काढलं, छातीचा मोठा फोटो काढला. आणि एका खोलीत एका मुलीने तिच्या हाती नळी दिली! पुठ्ठ्याची, बोटभर, यंत्राला जोडलेली. "आजी, ह्यात जोरात फुंकायचं हं. फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून!" आजी म्हणे. आणि फुंकायला कोण शिकवतंय कुणाला! थोरलीने सगळा जोर एकवटला. पडद्यावर एक रेघ चढली आणि लगेच आडवी पडली. मुलगी म्हणाली, "परत करू." परतही तेच झालं. जिच्या फुंकरीवर इतकी वर्षं शेड तगली त्या भात्याला पुठ्ठ्याची नळी पुरी फुंकता येईना. ती मुलगी काही वाईट बोलली नाही, पण थोरलीने पहिल्यांदाच खाली मान घातली.

काही दिवसांनी डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं. "तुमच्या अंगात पहारेकरी असतात," ते म्हणाले. "बाहेरून जंतू आला की त्याला मारायचं, हे त्यांचं काम. तुमच्यात ते चुकलेत. घरच्यालाच परका समजून मारत सुटलेत. स्नायू, सांधे, कातडी, सगळ्यांवर त्यांचा डोळा आहे, पण सुरुवात त्यांनी फुफ्फुसापासून केली. कधी कधी होतं असं. सांधे नीट दुखायच्याही आधी छाती तक्रार करते, आणि सगळे तिला खोकला म्हणून सोडून देतात."

घरच्याला पाण्यात बघणं म्हणजे काय, हे थोरलीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने छोटीकडे बघितलं नाही. "बरं होईल?" तिने विचारलं.

"जो भाग टणक झालाय तो परत मऊ होणार नाही. उरलेला वाचवू. गोळ्या बऱ्याच दिवस घ्याव्या लागतील. धुळीचा खोकला म्हणून मी तुम्हाला घरी पाठवलं असतं आणि तुम्ही वर्षभराने परत आला असतात, तर फारसं काही हातात राहिलं नसतं." ते जरा हसले. "त्या दिवशी तुम्ही बहिणीवर चिडलात, ते बरं झालं."

"आणि फुंकणं?"

"नाही. ते संपलं."

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. औषधाच्या खिडकीपाशी रांग होती. थोरलीला रडायचं होतं, पण छोटीसमोर नाही. छोटीच आधी बोलली. "दोऱ्या तू बदलल्यास ना?"

थोरलीने समोर बघितलं. "कधी कळलं?"

"तोंड लावल्याबरोबर. तुझ्या नळीचं तोंड डाव्या अंगाला झिजलंय. तू डाव्या कोपऱ्यातून फुंकतेस, लहानपणापासून."

"मग तेव्हाच बोंब का नाही मारलीस? व्यवस्थापकांसमोर?"

छोटीने आपले ते हात मांडीत घेतले. "कारण मला ती नळी हवी होती, ताई. एकदा तरी. त्या सकाळी तू पकडलंस ना मला, तेव्हाही हातात घेऊन तेच बघत होते, की काय आहे हिच्यात. अण्णा तुला भाता म्हणायचे आणि रस्त्यावरची माणसं आत बोलवायचे. मला काय म्हणायचे? चिमणी. चिमणीला बघायला कुणी येतं का? मी किती जळायचे तुझ्यावर. परगावी गेले, एवढं शिकले, ते कशासाठी? परत येऊन तुला दाखवायला." ती नाक ओढून म्हणाली, "आणि तुझ्या नळीत काही नव्हतं. लोखंडाचीच होती ती."

थोरलीने तिच्याकडे वळून बघितलं. आयुष्यभर आपण हिच्यावर जळलो, आणि ही आपल्यावर जळत होती! तिला राग यायला हवा होता. पण मनातून, खरं सांगायचं तर, तिला बरं वाटलं. "मूर्ख आहेस," ती म्हणाली. "जा, रांगेत उभी राहा. माझ्याच्याने उभं राहवत नाही."

नाट्यगृहाचं काम पुढे ढकलून मिळालं. औषधांनी थोरलीचं तोंड सुजल्यासारखं झालं, पण खोकला कमी झाला, सकाळी कप एका हाताने धरता यायला लागला. जिना मात्र तेवढाच उंच राहिला. डॉक्टरांना विचारून, तोंडाला फडकं बांधून, ती दारापाशी मोकळ्या हवेत पाट मांडून बसली. फिरवायचं आणि आकार द्यायचा. गड्याचं काम. "परगावच्या कारखान्यात बसणारा धनी असतो, फुंकणारा गडी," छोटीने सांगितलं. "हो, हो, समजूत घालू नकोस," थोरली म्हणाली. "फुंक सावकाश. मागच्या वेळी घाई केलीस."

पहिला गोळा चढत होता. छोटी फुंकत होती, थोरली नळी फिरवत होती, ओलं फडकं काचेवरून वाफा काढत होतं. गोळा थोरलीच्या तोंडाएवढा झाला, मग पाटाएवढा झाला, आणि तरी छोटीचा दम संपेना. खुर्चीतल्या अण्णांना राहवलं नाही. चांगला हात मांडीवर मारून ते ओरडले, "वा रे वा! वा रे माझा भाता!"

ते छोटीकडे बघून म्हणाले.

थोरलीच्या काळजात कळ गेली. दम गेला, काम गेलं, आणि आता नावही गेलं. एवढं एकच उरलं होतं. तिचा हात थांबला. फिरणं थांबलं की तापलेली काच कलते, हे तिला सांगायला नको होतं. आणखी थोडा वेळ हात थांबला असता तर तो गोळा, छोटीचा, अण्णांच्या कौतुकाचा, पाटावर लोळला असता. आणि थोरलीला, देवाशपथ, तसं व्हावंसं वाटलं.

छोटीने तोंडातून नळी काढली. "अण्णा, मी चिमणी," ती मोठ्याने म्हणाली. "भाता इथे बसलाय. दुरुस्तीला काढलाय, एवढंच."

भट्टीवाला फस्सकन हसला. अण्णाही हसले, मग कसंनुसं तोंड करून थोरलीकडे बघायला लागले, आणि चांगल्या हाताने डोळे पुसायला लागले. थोरलीला हसू आलं आणि हसता हसता खोकला आला. तेव्हा शेडमधलं सगळं थांबलं. भट्टीवाला उठून उभा राहिला, काच निवडणारी बाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. भट्टीचा खोकला असं कुणी म्हटलं नाही.

"काही नाही झालं, ठसका लागला," थोरली म्हणाली. तिचा हात पुन्हा फिरायला लागला होता. "फुंक गं. बघत काय बसलीस? काच निवते आहे."

छोटीने नळी तोंडाला लावली आणि श्वास आत घेतला. आणि पाटाशी बसल्या बसल्या, सवयीने, थोरलीनेही तिच्याबरोबर छाती भरून घेतली, जेवढी भरली तेवढी.